एलामी देव आणि मेल्यानंतरचा निवाडा: मूळ पुरावा किती, भर किती?

खापरखुणा

प्राचीन एलामबद्दल (आजच्या इराणचा नैऋत्य भाग, सखलात सुसा आणि डोंगराळ भागात अन्शान) मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. जे मिळतं त्यात एकच चित्र फिरून फिरून येतं. माणूस मेला की तो इन्शुशिनाक देवापुढे उभा राहतो, लागमाल त्याच्यावर आरोप ठेवतो, इश्मेकराब त्याची बाजू मांडतो आणि मग आत्मा तराजूत तोलला जातो. सगळं इतकं बेतशीर बसतं की शंकाच येते. म्हणून जाणकारांना विचारतोय:

१. हे चित्र नेमक्या कोणत्या लिखाणावरून आलं? त्यात शब्दशः काय आहे आणि मागून काय जोडलं गेलं?
२. यातला इन्शुशिनाक म्हणजे एलामचा मुख्य देव का? मग हुंबान, नापिरिशा, किरिरिशा यांचं काय?
३. थडग्यांमध्ये या कल्पनेचा काही माग लागतो का?
४. हा निवाडा जरथुष्ट्री धर्मातल्या चिन्वत पुलावरून (मेलेल्याचा आत्मा जिथे पारखला जातो तो पूल) घेतला, की उलट तो तिकडे गेला?

एका छोट्या माहितीफलकासाठी मजकूर लिहायचा आहे. उगाच ठोकून द्यायचं नाही, म्हणून हा धागा.

---

तिरपी रेघ

पहिला आणि चौथा प्रश्न घेतो.

सगळा डोलारा सात छोट्या मातीच्या पाट्यांवर उभा आहे. सुसाच्या फ्रेंच उत्खननात त्या मिळाल्या आणि व्हँसाँ शेइल यांनी १९१६ साली त्या प्रसिद्ध केल्या. लिपी कीलाक्षरी, भाषा अक्कादी, म्हणजे शेजारच्या मेसोपोटेमियाची. एलामी नव्हे. लोकप्रिय लिखाणात सगळ्यात आधी गाळलं जातं ते हेच. अर्थात भाषा अक्कादी म्हणून मजकूर परका, असंही धरू नका. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात सुसाची खरेदीखतं, वाटणीपत्रं, कर्जाचे कागद सगळे अक्कादीतच लिहिले जात. भाषा शेजाऱ्यांची आणि देव घरचे, असा तिथला सरमिसळ मामला होता.

सातांपैकी एका पाटीचा मजकूर बऱ्यापैकी सलग लागतो. बोलणारा मेलेला माणूस आहे, किंवा त्याच्या तोंडी ते शब्द घातले आहेत. तो आपल्या देवाला हाक मारून सांगतो की मी अनुन्नाकींपुढे (मेसोपोटेमियातल्या पाताळाचे देव) जाईन, थोर देवांसमोर तुझा हात धरीन, निवाडा ऐकेन आणि तुझे पाय धरीन. पुढे अंधारं घर येतं, कष्टाची नि त्रासाची दलदल येते आणि तहानेचं शेत येतं. देवाने त्या दलदलीतून पार न्यावं आणि त्या शेतात पाणी द्यावं, अशी मागणी आहे. हा देव कोण यावर एकमत नाही. कोणी इन्शुशिनाक म्हणतात, कोणी मेलेल्याचा स्वतःचा पाठीराखा देव म्हणतात.

तुम्ही लिहिलेली नावं दुसऱ्या एका, आणखी आखूड मजकुरात येतात. तिथे वाट धरून जाण्याचं वर्णन आहे. इश्मेकराब आणि लागमाल पुढे चालतात आणि इन्शुशिनाक खड्ड्यात, म्हणजे थडग्यात, शब्द उच्चारतो. हा शब्द म्हणजे निर्णय, असा अर्थ लावतात आणि तो पटण्यासारखा आहे.

आता भर कुठे पडली ते पाहा.

आरोप ठेवणारा आणि बाजू मांडणारा ही जोडी पाट्यांत नाही. ती नावांवरून तयार झाली. 'लागमाल' या अक्कादी नावाचा अर्थ 'दया नाही' आणि 'इश्मेकराब'चा 'त्याने प्रार्थना ऐकली'. एक निर्दय आणि एक कनवाळू, म्हणजे एक सरकारी वकील आणि एक आरोपीचा, असं गणित कोणीतरी मांडलं आणि ते चिकटलं. मजकुरात दोघेही फक्त पुढे चालतात. वाटाडे म्हणा, चोपदार म्हणा. वकील म्हणायला आधार नाही. लागमाल तर मूळचा बाबिलोनियातल्या दिलबात गावाचा देव आहे.

तराजूची गोष्ट आणखी नाजूक. ती एका शब्दाच्या वाचनावर लटकलेली आहे. तो शब्द 'तोलणारा' असा वाचला तर खड्ड्यापाशी कोणी तोलणारा बसलाय असं दिसतं. काय तोललं जातं, कशाविरुद्ध तोललं जातं, पारडं झुकलं तर काय होतं, यातलं एक अक्षर तिथे नाही. 'आत्मा तोलतात' हे वाक्य वाचकाच्या डोक्यातल्या इजिप्तच्या चित्रांमधून आलेलं आहे. तिथे काळीज आणि पीस अशी दोन पारडी खरोखर रंगवलेली दिसतात. सुसाला असं एकही चित्र सापडलेलं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाट्यांत पापपुण्याची यादी नाही. खोटं बोललो नाही, चोरी केली नाही अशी कबुली नाही. स्वर्ग नाही, नरक नाही. चित्रगुप्ताची वही तर नाहीच. वहीच शोधायची असेल तर ती मेसोपोटेमियात मिळते. पाताळाची लेखनिक देवता बेलेत-सेरी तिथे पाटी वाचताना दिसते.

त्यामुळे 'निवाडा' शब्द वापरताना जरा जपून. मेसोपोटेमियात अनुन्नाकी मेलेल्याचा निर्णय करतात तेव्हा तो बहुतेकदा 'तुझी जागा इथे' असं ठरवून देणं असतं, वागणुकीचा खटला नव्हे. सुसाच्या पाट्यांत अनुन्नाकींचं नाव आल्यामुळे तोच अर्थ आधी तपासून पाहायला हवा.

चिन्वत पुलाचं: पूर्वी या पाट्या बऱ्याच उशिराच्या धरत, त्यामुळे इराणी प्रभावाची कल्पना सुचायला वाव होता. आता त्यांचा काळ इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या मध्याजवळ, सुक्कलमाह (ही तिथल्या राज्यकर्त्यांची पदवी) राजवटीच्या अखेरीस किंवा त्यानंतर लगेचचा मानतात. म्हणजे सुसात इराणी भाषकांची सत्ता येण्याच्या कितीतरी शतकं आधी. तेव्हा 'तिकडून इकडे' हे बाद. 'इकडून तिकडे' म्हणायचं तर मधल्या हजारएक वर्षांचा एकही दुवा हातात नाही. फलकावर दोन्हीपैकी काहीच लिहू नका.

---

साक्षीपुरावा

दुसऱ्या प्रश्नावर, आणि निवाड्याबद्दल थोडं.

एलामचा एकच 'मुख्य देव' काढायला गेलात की फसाल, कारण एलाम हे एक शहर नव्हतं. इन्शुशिनाक म्हणजे सुसाचा धनी; त्याच्या नावाचाच तो अर्थ. नापिरिशा डोंगराकडचा, अन्शानचा. किरिरिशाचं मोठं ठाणं समुद्रकाठी लियानला, म्हणजे आजच्या बुशेहरच्या बाजूला. हुंबान जुना आणि चिवट. इ.स.पू. सुमारे २२५० मध्ये अक्कादचा राजा नारामसिन याच्याशी जो तह झाला त्याची एलामी भाषेतली प्रत सुसाला मिळाली. त्यात आवाहनात पहिलं नाव पिनिकिर देवीचं आहे, इन्शुशिनाक नंतर येतो. पुढे सुसाचं राजकीय वजन वाढलं तसा तोही वर सरकला. सुसाजवळच्या चोगा झंबीलचा झिग्गुरात (पायऱ्यापायऱ्यांचा देवळाचा मनोरा) उन्ताश-नापिरिशा राजाने बांधला तो नापिरिशा आणि इन्शुशिनाक या दोघांसाठी. पाया चौरस, प्रत्येक बाजू सुमारे १०५ मीटर. सखल आणि डोंगर एका छत्राखाली आणायचे तर देवही दोन्हीकडचे लागतात. आणि एलाम हे राज्य संपल्यावरही, पर्सेपोलिस या पर्शियन राजधानीच्या तटबंदीत मिळालेल्या हिशेबाच्या पाट्यांत (इ.स.पू. ५०९ ते ४९३) हुंबानच्या नावाने धान्य निघतं, तेही जरथुष्ट्री धर्माचा मुख्य देव अहुरमज्दा याच्यापेक्षा जास्त वेळा.

राजांच्या कालनोंदी तपासताना एक ध्यानात ठेवा: जुन्या पुस्तकांत उन्ताश-नापिरिशा इ.स.पू. १३ व्या शतकात टाकलेला असतो, आता तो १४ व्या शतकात धरतात. दोन पुस्तकांत शंभरेक वर्षांचा फरक दिसला तर छापील चूक समजू नका.

आता इन्शुशिनाक न्याय करणारा देव कसा झाला हे कळायला मेलेल्यांकडे नाही, जिवंतांच्या व्यवहाराकडे बघा. सुसाच्या करारपत्रांत तो पदोपदी भेटतो. सुक्कलमाह काळातल्या दस्तऐवजाची घडण साधारण अशी: आधी मालमत्तेचं वर्णन, मग देणारा-घेणारा, मग शपथ, मग मोडल्यास दंड, मग साक्षीदारांची रांग, आणि शेवटी पक्षकाराच्या नखाचा ठसा ओल्या मातीत. शपथ कधी राज्यकर्त्यांच्या नावाने, कधी देवांच्या. साक्षीदारांच्या यादीत पहिली दोन नावं अनेकदा देवांची असतात. दंडाच्या कलमात दया दिसत नाही. करार फिरवणाऱ्याचा हात आणि जीभ कापायची. त्याने इन्शुशिनाकच्या 'किदिन्नू'ला, म्हणजे देवाच्या संरक्षणाच्या कक्षेला, हात लावला असं मानलं जाई.

वाद मिटला नाही तर नदी. पक्षकाराला पाण्यात उतरवायचं आणि देव ठरवील. काही करारांत कलम असं की मोडणाऱ्याने पाण्यात जावं, शाझी देव भोवऱ्यात त्याची कवटी फोडो. म्हणजे देवाने निर्णय देणं ही कल्पना सुसात रोजच्या कामकाजातली होती. करारात जो देव शपथ ऐकतो तोच थडग्यात शब्द उच्चारतो, आणि इश्मेकराबही दोन्हीकडे हजर असतो. माझ्या मते मरणानंतरच्या त्या दृश्याची मुळं इथेच आहेत, इजिप्तमध्ये किंवा पुलावर नाहीत.

---

वीटबंदी

थडग्यांबद्दल. इथे सामग्री भरपूर आहे, पण ती तिरपी रेघ यांनी सांगितलेल्या पाट्यांशी सहज जुळत नाही. आधी ते मान्य करून पुढे जाऊ.

सुसा: दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात मेलेले घरातच, जमिनीखाली. ऐपत असेल तर भाजक्या विटांची कमानदार कोठडी, कुटुंबाला मिळून एक. पुढचं माणूस गेलं की कोठडी उघडायची, आधीची हाडं बाजूला सारायची, नव्याला जागा करायची. अशी कोठडी खणताना नवख्याची हमखास चूक होते: ढिगाने सरकवलेली हाडं पाहून 'सामूहिक हत्या' किंवा 'बळी' असा शेरा मारला जातो. शेवटचा देह नीट ठेवलेला आहे का आणि बाकीची हाडं भिंतीकडे लोटलेली आहेत का, हे दोन मुद्दे आधी पाहायचे.

त्यानंतरच्या काळात सुसाच्या काही थडग्यांत मेलेल्याच्या डोक्याजवळ मातीचं मस्तक ठेवलेलं मिळतं. कच्च्या, न भाजलेल्या मातीचं, वरून रंगवलेलं. दाढी, केस, भुवया नीट काढलेल्या. कच्ची माती असल्याने ओल लागली की चेहरा विरघळतो, म्हणून धड अवस्थेत थोडीच उरली. चेहरे ठोकळेबाज नाहीत, त्या त्या माणसाचे वाटावेत असे आहेत. यावरून मेलेल्याची ओळख टिकवायची होती एवढं म्हणता येतं. देवापुढे ओळख पटावी म्हणून ते ठेवलं, हा मात्र आपला कल्पनेचा इमला.

हफ्त तेपे: सुसाच्या दक्षिणेला, राजा तेप्ती-आहारचं ठिकाण. एझत नेगहबान यांनी १९६५ पासून खणलं. विटांच्या कमानीची मोठी कोठडी, लांबी सुमारे १० मीटर, आत २१ सांगाडे. शेजारच्या कोठडीत २३, बाजूबाजूला मांडलेले. तिथल्या दगडी लेखात थडग्याच्या देखभालीची आणि सणावारी द्यायच्या पिठाची, बिअरची, मेंढ्यांची व्यवस्था लिहिलेली आहे. याच राजाची सुसाला मिळालेली वीट वाचण्यासारखी आहे. इन्शुशिनाकसाठी बांधलेल्या वास्तूत रात्री चार राखणदार बायकांनी शिरायचं, मूर्तींच्या पायाशी निजायचं आणि दार मोहोरबंद करायचं, असा नियम त्यात घातला आहे. असे बारीकसारीक नियम बघितले की कळतं, मेलेल्यांची नि देवांची सेवा म्हणजे नेमलेल्या माणसांची ड्यूटी होती.

चोगा झंबील: रोमान गिर्शमान यांनी १९५१ ते १९६२ मध्ये खणलं. झिग्गुरातापासून थोड्या अंतरावर एक राजवाडा, त्याच्या फरशीखाली पाच कमानदार भूमिगत थडगी. उभ्या जिन्याने खाली उतरायचं. आणि इथे घोटाळा होतो: आतले देह जाळलेले आहेत. जाळणं दुसरीकडे झालं आणि राख-हाडं, जळके दागिने, शस्त्रं आत आणून ठेवली. एका थडग्यात मात्र विटांच्या ओट्यावर एक स्त्री न जाळता ठेवलेली आणि तिच्यासोबत दोघांचे जळके अवशेष.

हा घोटाळा का? मेसोपोटेमियातल्या सुमेरी गिल्गमेश-कथांपैकी एकीत गिल्गमेशचा सोबती एनकिडू पाताळाचा हालहवाल सांगतो, त्यात जळून मेलेल्याचं भूत तिथे दिसलंच नाही, त्याचा धूर आकाशात गेला, असं आहे. मेसोपोटेमियाचा हा नियम जसाच्या तसा एलामला लावला तर उन्ताश-नापिरिशाच्या घराण्याने आपल्याच माणसांचं पाताळातलं अस्तित्व पुसून टाकलं असं होईल! ते कोणी मुद्दाम करणार नाही. म्हणजे पाताळाबद्दलची शेजारची समजूत सुसात लिहिली गेली तरी सगळ्या एलामची ती समजूत होती असं नाही. पाट्या सुसाच्या, जळके देह राजघराण्याचे. दोन्हींना एका धाग्यात ओवू नका.

अर्जान: उशिराचं, एलामी राज्याच्या शेवटच्या टप्प्यातलं. १९८२ मध्ये बेहबहानजवळ सापडलेलं दगडी थडगं, आत कांस्याची शवपेटी. सोन्याच्या ९८ चकत्या, खंजीर, सुती कापडाचे अवशेष, आणि २३७ ग्रॅम वजनाचं सोन्याचं उघडं कडं. त्यावर 'किदिन-हुत्रान, कुर्लुशचा मुलगा' असं कोरलेलं. या कड्याला 'परलोकाचा परवाना' वगैरे म्हटलेलं दिसलं तर दुर्लक्ष करा. लेखात नाव आणि बापाचं नाव, बस.

सित शम्शी: हे नाव धाग्यात येणारच, म्हणून आधीच. शिलहाक-इन्शुशिनाक राजाची, इ.स.पू. १२ व्या शतकातली कांस्य प्रतिकृती, साधारण ६० गुणिले ४० सेंटिमीटर, आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात. दोन उघडे, मुंडण केलेले पुरुष समोरासमोर उकिडवे बसलेत. एक दुसऱ्याच्या पसरलेल्या हातांवर पाणी ओततोय. आजूबाजूला पायऱ्यांच्या दोन वास्तू, रांजण, झाडं. लेख सांगतो की राजाने हा 'सूर्योदय' कांस्यात घडवला. काहीजण याला अंत्यविधी म्हणतात, काहीजण पहाटेची शुद्धी. ही निवाड्याची चित्रफीत नव्हे, एवढं नक्की.

---

खापरखुणा

वाचनखूण साठवली. तिघांचेही आभार. एक राहिलं. पाट्यांत शिक्षा नाही म्हणता, मग वाईट वागणाऱ्याचं एलामी समजुतीत व्हायचं काय? काहीतरी भीती असेलच ना. आणि असुरियाचा राजा असुरबनिपाल याने एलामी राजांची थडगी उकरली म्हणतात, ते याच भीतीला धरून होतं का?

---

तिरपी रेघ

भीती होती, पण ती मेल्यावर भोगायच्या यातनांची नव्हती. शिलालेखांतले शाप वाचा, लगेच दिसेल. उन्ताश-नापिरिशाच्या राणीचा, नापिर-असूचा, डोकं तुटलेला पुतळा लूव्रमध्ये आहे. वजन १७५० किलो, वरचं कवच तांब्याचं, आत कांस्य भरलेलं. त्याच्या घागऱ्यावरचा शाप असा: जो पुतळा पळवील, फोडील, लेख पुसील, माझं नाव काढील, त्याच्यावर नापिरिशा, किरिरिशा आणि इन्शुशिनाक यांचा शाप पडो, त्याचं नाव नाहीसं होवो, त्याला संतती न होवो. चोगा झंबीलच्या विटांवरही हाच सूर, त्याचा वंश सूर्याखाली न फळो. नाव आणि वंश. 'मेल्यावर तुझं अमुक होवो' असं नाही.

कारण सरळ आहे. वंश नाही तर मेल्यावर पाणी-अन्न देणार कोण? सुसाच्या एका मालमत्तेच्या कागदात अटच घातली आहे: मी जिवंत आहे तोवर मला अन्न द्यायचंस, मेलो की माझा 'किस्पू' करायचास. किस्पू म्हणजे मेलेल्याला द्यायचं अन्न-पाणी. म्हणजे परलोकातली सोय जमिनीच्या कागदात लिहून घेतली जात होती. आता त्या पाटीतलं तहानेचं शेत आठवा. तिथे माणूस देवाकडे क्षमा मागत नाही, पाणी मागतो.

असुरबनिपालचं: इ.स.पू. ६४७ च्या सुमाराला सुसा लुटल्यावर त्याने जे लिहवून घेतलं ते फार नेमकं आहे. सुसाचा झिग्गुरात पाडला, त्याची चकाकत्या तांब्याची शिंगं तोडली. इन्शुशिनाकला तो 'त्यांच्या गुपितांचा देव, ज्याचं राहणं गुप्त आणि ज्याचं करणं कोणी पाहत नाही' असं म्हणतो आणि मूर्ती उचलून नेतो. लागमालही पळवलेल्या देवांच्या यादीत आहे. ज्या देवराईत परक्याने पाऊल ठेवायचं नसे तिथे सैनिक शिरले, गुपितं पाहिली, आग लावली. मग आधीच्या आणि नंतरच्या राजांची थडगी पाडली, हाडं उन्हात उघडी टाकली, असुरियाला नेली आणि, त्याचे शब्द, 'त्यांच्या भुतांना अस्वस्थता दिली, किस्पू आणि पाणी बंद केलं'.

बघा, शिक्षेचे घटक काय आहेत: जागा गेली, हाडं हलवली, पाणी तोडलं. फक्त हा मजकूर असुरियाचा आहे, तेव्हा तो एलामी श्रद्धेचा थेट दाखला म्हणून लावू नका. किस्पू दोन्हीकडे होता, सुसाच्या कागदात तो आहेच. म्हणून इथे मेळ बसतो. देवराईचंही तसंच. एलामी राजांच्या विटांवर 'सियान हुसामे', देवराईतलं मंदिर, असा शब्द येतो आणि त्याचा मेलेल्यांच्या विधींशी संबंध लावतात. शत्रूचं वर्णन आणि घरचा शब्द दोन्ही एकाच जागेकडे बोट दाखवतात, हा पुरावा सात पाट्यांपेक्षा किरकोळ नाही.

---

साक्षीपुरावा

यात एक जोड. पर्सेपोलिसच्या पाट्यांत एलामी भाषेत 'शुमार' शब्द येतो, म्हणजे थडगं. राजघराण्यातल्या मेलेल्यांच्या शुमारसाठी कोठारातून जिन्नस दिल्याच्या नोंदी आहेत, त्यात पर्शियन राजा दारयवहू (डरायस) याचा बाप विश्तास्प याच्या शुमारचाही उल्लेख येतो. राज्यकर्ते पर्शियन झाले, लेखनिक आणि कोठाराची पद्धत एलामीच राहिली.

---

वीटबंदी

फलकाच्या मजकुरासाठी कामाचं सांगतो, कारण चुका नेहमी त्याच होतात.

प्रत्येक वाक्यापुढे कच्च्या कागदावर तीन गोष्टी लिहा: ठिकाण, काळ, लिहिणारा कोण. 'एलामी लोक मानत की...' ही सुरुवात टाळा, 'सुसाच्या पाट्यांत...' अशी करा. नारामसिनच्या तहापासून सुसाच्या लुटीपर्यंत सोळाशे वर्षं होतात. एवढ्या पटावरची माहिती एका वाक्यात कोंबली की कुठलं तरी टोक खोटं पडतंच. तराजू लिहायचाच असेल तर 'एका शब्दाच्या एका वाचनानुसार' हे शब्द त्याच वाक्यात हवेत. तळटीप कोणी वाचत नाही. वकिलांची जोडी गाळा.

चित्र हवं असेल तर सित शम्शीचा मोह आवरा. तो निवाड्याच्या मजकुराशेजारी लावला की पाणी ओतणारा माणूस म्हणजे मेलेल्याचा वाटाड्या, असं प्रेक्षक आपोआप ठरवून मोकळा होतो. सुसाचं रंगवलेलं मातीचं मस्तक लावा. ते खरोखर थडग्यातून आलेलं आहे. चोगा झंबीलचा फोटो लावलात तर खाली उंची लिहिताना जपा. आज उभा आहे तो भाग जेमतेम २५ मीटर, मूळची ५० च्या वर होती असा हिशेब मांडतात. फोटोखाली मूळचा आकडा टाकला की लोक तोच समोर उभा आहे असं समजतात.

मजकूर ८० शब्दांच्या आत बसवायचा असेल तर क्रम असा घ्या: सात पाट्या, अक्कादी भाषा, अंधारं घर आणि तहानेचं शेत, पुढे चालणारे दोन देव, खड्ड्यात बोलणारा इन्शुशिनाक. मग एक वाक्य किस्पूच्या अटीचं. जागा उरली तर नदीत उतरवून देवाकडून निर्णय घेण्याचं. कच्चा मजकूर इथेच टाका, तपासून देतो.